टरफलं कोण उचलणार?

दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी हमखास वाचायला मिळते. कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी केळीच्या सालीपासून, नाहीतर मक्याच्या बुरकुंडापासून, नाहीतर चहाच्या चोथ्यापासून बॅटरी बनवलेली असते. (आख्खी बॅटरी नव्हे, बॅटरीतला एक भाग. पण मथळा लिहिणाऱ्याला तेवढी उसंत कुठे!) ऑफिसात ती बातमी फिरते. निम्मे लोक "वा, आता कचऱ्यातून सोनं" म्हणून खूश होतात, उरलेले निम्मे "मग बाजारात का नाही?" असं विचारून चहाला जातात. मी दुसऱ्या गटातला. पण गेल्या काही शनिवार-रविवारी या प्रश्नाच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की झाडपाल्याच्या कचऱ्यापासून भोकाभोकांचा कोळसा करायचा उद्योग बॅटरीपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचा इतिहास वाचला की "बाजारात का नाही" याचं उत्तरही बऱ्यापैकी सापडतं.

लोकमान्य टिळकांची शेंगांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, मास्तर म्हणतात उचला, आणि छोटा बाळ म्हणतो की ज्याने खाल्ल्या त्याने उचलाव्यात. गोष्ट तिथे संपते. टरफलं शेवटी कुणी उचलली, हे कुणीच सांगत नाही. मला मात्र या सगळ्या वाचनात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत राहिला.

आधी एक खुलासा. पुढे जिथे जिथे कोळसा म्हणेन तिथे लाकडाबिकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा समजायचा. खाणीतला दगडी कोळसा आला तर वेगळं सांगेन.

1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोविट्झ नावाचा एक औषधनिर्माता टार्टारिक आम्लाचं द्रावण शुद्ध करायच्या खटपटीत होता. द्रावण तपकिरी पडायचं. त्यात कोळशाची पूड पडली की रंग नाहीसा होतो, हे त्याला दिसलं. काही वर्षांतच युरोपातले साखर कारखानदार हीच युक्ती काकवीकट रस पांढरा करायला वापरू लागले. पुढे लाकडी कोळशाची जागा हाडांच्या कोळशाने घेतली. 1900 च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेय्को याने कोळसा आणखी तापवून त्यावर वाफ किंवा कार्बन डायॉक्साइड सोडायची, नाहीतर मूळ वनस्पतीतच धातूंची क्लोराइडं मिसळून भाजायची, अशा पद्धतींची पेटंटं घेतली. यालाच आपण ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतो. घरच्या वॉटर फिल्टरमध्ये असतो तोच. वाफ कोळशाचा थोडा थोडा भाग खात जाते आणि मागे सूक्ष्म बोगदे राहतात. बोगद्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ प्रचंड असतं आणि रंगाचे, वासाचे, विषाचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. सगळी जादू एवढीच.

इथवर हा सगळा साखरवाल्यांचा मामला होता. 22 एप्रिल 1915 ला जर्मनांनी बेल्जियममध्ये ईप्रजवळ क्लोरीन सोडला आणि कोळसा एकदम जीवनमरणाचा विषय झाला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्कीने कोळशाचा गॅस मास्क तयार केला. अमेरिका 1917 मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिला लाखो मास्क हवे होते. कुठला कोळसा सगळ्यात चांगला, याचा शोध घेता घेता रसायनशास्त्रज्ञ नारळाच्या करवंटीपाशी येऊन थांबले. करवंटी घट्ट असते. तिच्या कोळशात रुंद पोकळ्या कमी आणि रेणूच्या मापाची बारीक भोकं जास्त. शिवाय तो कोळसा टणक असतो, डब्यात हलून त्याची भुकटी होत नाही. मऊ लाकडाचा कोळसा इथे मार खातो.

आता अमेरिकेत करवंट्या आणायच्या कुठून? याचं उत्तर मला फार आवडलं. सैन्याच्या गॅस डिफेन्स विभागाने लोकांना खोबरं खायला लावलं! 'जास्त नारळ खा' अशी चक्क मोहीम काढली आणि देशातला नारळाचा खप थोड्याच काळात दुपटीहून वर गेला. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा पीच, जर्दाळू, चेरी यांच्या कोया आणि अक्रोडाची कवचं गोळा करायचं आवाहन झालं. गावोगावी पिंपं ठेवली गेली, रेडक्रॉसचे लोक आणि शाळकरी पोरं कोया जमवू लागली. 200 पीचच्या कोया किंवा सात पौंड कवचं म्हणजे एका सैनिकाचा एक मास्क, असा हिशेब तेव्हा सांगितला जायचा. ऑक्टोबर 1918 मध्ये करवंट्यांची आवक दिवसाला 150 टनांच्या आसपास पोचली होती. पूर्वेकडच्या करवंट्या जहाजातून अमेरिकेत नेण्यापेक्षा फिलिपीन्समध्येच भट्टी उभारून त्यांचा कोळसा करावा, असंही ठरलं. कारण साधं होतं: भाजल्यावर करवंटीचं वजन 75 टक्क्यांनी घटतं. चार टन माल जहाजात भरायचा आणि त्यातला तीन टन पुढे धूर होऊन जायचा, हे कुणाला परवडेल?

महिन्याभरात युद्ध संपलं आणि पिंपंही गेली. युद्धात जीव वाचवायला पोरं कोया गोळा करतात. एरवी कोण करणार? शांततेच्या काळात तगला तो नारळ, कारण खोबरं वाळवण्याच्या धंद्यात करवंट्यांचे ढीग आपोआप एका जागी पडतात. फिलिपीन्स, इंडोनेशिया, श्रीलंका, आपल्याकडे केरळ, तामिळनाडू. करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन आजही मुख्यतः याच पट्ट्यातून जगभर जातो. माझं प्रामाणिक मत असं की या धंद्यात विज्ञानाइतकंच महत्त्व ढिगाला आहे. ढीग आधीच पडलेला असेल तर कचरा हा कच्चा माल होतो, नाहीतर तो कचराच राहतो.

असो. बॅटरीकडे येऊ. पण वाटेत एक थांबा घ्यायलाच हवा, आणि ती व्यक्ती तुम्हाला वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे.

रोझलिंड फ्रँकलिन म्हटलं की डीएनएचा तो प्रसिद्ध एक्स-रे फोटो आठवतो. त्याच्या आधीची दहाएक वर्षं मात्र या बाईंनी कोळशाला दिली होती. 1942 पासून त्या ब्रिटनमधल्या कोळसा वापरावर संशोधन करणाऱ्या संस्थेत दगडी कोळशातली भोकं मोजत होत्या, त्यावरच 1945 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. घेतली, आणि 1947 पासून पॅरिसच्या सरकारी प्रयोगशाळेत निरनिराळे कोळसे भाजून त्यांचे एक्स-रे घेत होत्या. 1951 मध्ये त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्यातला शोध सांगायला सोपा आहे. कार्बन दोन जातींचा असतो. काही पदार्थांचा कोळसा 2000 अंशांच्या पुढे तापवत नेला की त्याचं हळूहळू ग्रॅफाइट होतं. काहींचं मात्र 3000 अंशांवरही होत नाही. साखरेचा कोळसा या दुसऱ्या, हट्टी जातीचा.

पत्त्यांचा कॅट डोळ्यासमोर आणा. कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पत्र्यांत मांडलेले असतात. ग्रॅफाइट म्हणजे नीट लावलेली गड्डी. पहिल्या जातीत छोट्या छोट्या गड्ड्या साधारण एकाच दिशेने पडलेल्या असतात, उष्णता दिली की त्या सरकून एक होतात. दुसऱ्या जातीत पत्ते वेडेवाकडे पडलेले, एकमेकांना कोपऱ्यांनी घट्ट जोडलेले आणि मध्ये पोकळ्या. कितीही तापवा, पत्ते जागचे हलत नाहीत. याला हार्ड कार्बन म्हणतात. लाकूड, करवंटी, साखर, तूस... बहुतेक वनस्पती याच जातीत जातात. फ्रँकलिन बाईंच्या डोळ्यासमोर तेव्हा बॅटरी नव्हती. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी त्या गेल्या.

आता सत्तर-ऐंशीचं दशक. लिथियमच्या रिचार्जेबल बॅटऱ्या बनवायची धडपड चालू होती आणि ऋण बाजूला शुद्ध लिथियम धातू वापरला जात होता. चार्ज करताना लिथियम सपाट बसत नाही, त्याचे काटे फुटतात, काटे पलीकडे पोचले की शॉर्ट सर्किट आणि आग. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीच्या बॅटऱ्यांनी 1989 मध्ये जपानमधल्या फोनमध्ये पेट घेतला आणि सगळा माल परत बोलवावा लागला. धातूऐवजी लिथियमला बसायला जागा देणारं काहीतरी हवं होतं. जपानमध्ये असाही कासेईच्या अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये ती जागा पेट्रोलियम कोक या कार्बनमध्ये शोधली (2019 च्या नोबेलमधला वाटा त्यासाठीच), आणि 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली.

इथे एक गंमत आहे. सोनीच्या संशोधकांनी त्या सुरुवातीच्या वर्षांत हार्ड कार्बनही वापरला आणि तो फर्फ्युरिल अल्कोहोलच्या रेझिनपासून केला. हे अल्कोहोल येतं फर्फ्युरलपासून. फर्फ्युरल हे नाव कोंडा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं आहे, आणि ते कारखान्यात बनतं मक्याची बुरकुंडं, ओटची टरफलं, उसाची चिपाडं यांपासूनच. त्याचा मोठा उद्योग सुरू केला क्वेकर ओट्सने, 1922 मध्ये, अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्सला. नाश्त्याचे ओट्स सोलून कारखान्याच्या आवारात टरफलांचे डोंगर साचले होते, त्यांचं करायचं काय हा प्रश्न होता. पुन्हा आयता ढीग! म्हणजे 'कचऱ्यापासून बॅटरी' ही आज नवलाई म्हणून येणारी बातमी हँडीकॅमच्या काळातच, आडवाटेने का होईना, खरी झाली होती. फक्त तेव्हा कुणी मथळा केला नाही.

पुढे लिथियमसाठी ग्रॅफाइट जिंकलं. सहा कार्बनमागे एक लिथियम, ग्रॅममागे 372 मिलीअँपिअर-तास, शिवाय चार्जिंगचं वागणं एकदम शिस्तीचं. हार्ड कार्बन मागे पडला. पण जेफ डान नावाच्या गृहस्थांनी तो सोडला नाही. हे त्याच मोली एनर्जीत काम केलेले, नंतर प्राध्यापक झालेले. 1990 च्या दशकात त्यांच्या गटाने साखर भाजून, तिच्या कोळशात लिथियम कुठे आणि कसं बसतं याचा कसून अभ्यास केला आणि त्या वेड्यावाकड्या रचनेला नाव दिलं, पत्त्यांचा बंगला. 2000 मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजच्या कोळशात लिथियमऐवजी सोडियम घालून पाहिलं. ग्रॅममागे 300 मिलीअँपिअर-तास! लिथियम-ग्रॅफाइटच्या जवळपास.

हे मोठं का? ग्रॅफाइटमध्ये सोडियम जवळजवळ बसतच नाही म्हणून. "सोडियमचा आयन मोठा असतो, मावत नाही" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण पोटॅशियमचा आयन त्याहून मोठा आणि तो मजेत बसतो, तेव्हा मापाचं हे स्पष्टीकरण पुरत नाही. सोडियम आणि कार्बनच्या पत्र्यांची मैत्रीच ऊर्जेच्या हिशेबात तोट्याची पडते. पत्त्यांच्या बंगल्यात मात्र सांदीकोपरे आणि पोकळ्या आहेत, तिथे सोडियमची सोय होते. (नेमकं किती कुठे बसतं यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.) आणि सोडियम म्हणजे मीठ. लिथियमसाठी चिलीच्या खाऱ्या तळ्यांकडे नको, आणि ग्रॅफाइटसाठी चीनकडेही नको. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनने ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्यांचं बंधन आणायची घोषणा केल्यावर हा मुद्दा सगळ्यांनाच टोचला. तरीही सोडियमच्या शर्यतीत चीनच पुढे आहे, हेही सांगायला हवं.

आता त्या बातम्यांमधला मोठा घोळ. "अमुक सालीपासून अत्यंत सच्छिद्र कार्बन, म्हणून उत्तम बॅटरी" हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! गॅस मास्कला भोकांची तोंडं उघडी हवीत. सोडियम बॅटरीला नेमकं उलट हवं. भोकं उघडी असली की बॅटरीतला द्रव आत शिरतो आणि पहिल्याच चार्जिंगला एवढ्या मोठ्या भिंतींवर थर धरून बसतो. त्या थरात अडकलेलं सोडियम कायमचं गेलं. बॅटरीला हव्यात त्या दारं नसलेल्या खोल्या. सोडियमचा आयन भिंतीतल्या पत्र्यांच्या फटींतून आत सरकेल, द्रव बाहेर राहील. चांगल्या हार्ड कार्बनच्या एका ग्रॅमचं बाहेरून मोजता येणारं क्षेत्रफळ जेमतेम काही चौरस मीटर असतं. तैवानमध्ये 2001 मध्ये भाताच्या तुसापासून आणि 2003 मध्ये चक्क शेंगांच्या टरफलांपासून (टिळकांना कळवायला हवं!) लिथियमसाठी कार्बन बनवला गेला होता. पहिल्यांदा भरताना जे आत जातं त्यातलं बरंचसं परत येत नाही, ही अडचण त्यालाही होती.

उघडी भोकं लागतात ती सुपरकपॅसिटरला. तिथे आयन नुसते भिंतीवर येऊन चिकटतात आणि क्षणात सुटतात. जितकी भिंत जास्त तितका विद्युतभार जास्त. आणि या बाबतीत एक सुरेख काम आपल्या पुण्यात झालं आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडवरच्या एनसीएलमध्ये, सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने कडुनिंबाची गळलेली पानं दळून एकाच पायरीत भाजली. वेगळं ॲक्टिव्हेशन नाही, काही नाही. तरी ग्रॅममागे सुमारे 1230 चौरस मीटर क्षेत्रफळ मिळालं. कबड्डीचं मैदान 13 गुणिले 10 मीटरचं असतं, तेव्हा चिमूटभर कोळशात नऊ-साडेनऊ मैदानं! पानातले धातूंचे क्षारच भोकं पाडायचं काम करतात, असं त्यांचं म्हणणं. अशोकाची पानं घेतली तर निकाल वेगळा आला. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. प्रयोगशाळेत हे कुतूहल आहे, कारखान्यात ही डोकेदुखी आहे. या ट्रकमध्ये कडुनिंब, पुढच्यात अशोक, तिसऱ्यात पावसात भिजलेला मिक्स पाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले इनपुट डेटा घाण आहे म्हणून रडतो, इथे तर इनपुट झाडावरून पडतं.

म्हणूनच बाजारात जो वनस्पतीजन्य हार्ड कार्बन आला तो कडुनिंबाचा नव्हता. जपानच्या कुरारे कंपनीने तो करवंटीपासून केला, म्हणजे 1918 चा विजेता पुन्हा हजर. करवंटीत राख कमी आणि गुण सगळीकडे बऱ्यापैकी सारखे. भाताच्या तुसात पंधरा-वीस टक्के राख, तीही बहुतेक सिलिका, ती धुऊन काढायची म्हणजे रसायनं आली, सांडपाणी आलं, खर्च आला.

डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुण्याबरोबर विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्याआधी 2022 च्या सुरुवातीला रिलायन्सने ब्रिटनची फॅरेडियन ही सोडियम बॅटरी कंपनी विकत घेण्याची घोषणा केली होती. तेव्हा प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. मी एक ढोबळ हिशेब केला. स्कूटरला तीन किलोवॅट-तासांची सोडियम बॅटरी धरली तर साधारण चार किलो हार्ड कार्बन लागेल. भाजताना तीन चतुर्थांश वजन जातं, म्हणजे सोळा किलो करवंट्या. एक करवंटी दीडशे ग्रॅमची धरली तर शंभरेक नारळ. एका स्कूटरला! सगळ्या देशाच्या स्कूटरींना पुरतील इतक्या करवंट्या मोकळ्या नाहीत, त्या आधीच वॉटर फिल्टरवाल्यांनी आणि भट्टीवाल्यांनी बोलून ठेवलेल्या असतात.

मग महाराष्ट्रात आयता ढीग कुठला? पहिलं उत्तर सुचतं ते उसाचं चिपाड, कारखानदारीच्या भाषेत बगॅस. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाल्यापासून राज्यभर हे डोंगर दर हंगामात उभे राहतात. ऊस गाळला की वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलं चिपाड उरतं. पण त्याला कचरा म्हणणं चूक आहे. तेच बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. कार्बनवाल्याला ते हवं असेल तर बॉयलरपेक्षा जास्त भाव द्यावा लागेल. खरा कचरा आहे तो पाचट. तोडणीनंतर शेतात पडून राहतं आणि पुष्कळ ठिकाणी काडी लावून मोकळं होतात. ते फुकट आहे, पण हलकं, पसरलेलं, सिलिका आणि पोटॅश भरलेलं. ते गोळा करायचं, गाठी बांधायच्या, वाहून न्यायचं, आणि हे सगळं पुढच्या पिकाची घाई असताना. शिवाय ते शेतातच कुजवलं तर जमिनीला फायदा होतो, असं कृषी विद्यापीठं सांगतात, तेव्हा त्यावर तोही हक्क आहेच. फिलिपीन्सच्या भट्टीसारखं गावातच भाजून फक्त कोळसा पुढे पाठवणं हा एक मार्ग. त्यात धूर गावाचा आणि किंमत दुसऱ्याची असा व्यवहार होणार नाही, हे कुणीतरी आधी बघायला लागेल. त्या भट्टीचं अर्थकारण पाचटाच्या एका ट्रॉलीचा भाव किती धरायचा इथे येऊन अडतं, आणि तो भाव ठरवायला अजून बाजारच नाही.